ट्रेनिंग झालं तरी त्याला 'हो' म्हणता येईना: घरातलं नातं आणि करिअरचा आत्मविश्वास, एक प्रकरण अभ्यास

हे एकाच माणसाचं प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील काढलेत, काही बदललेत, आणि खोटी नावं देण्यापेक्षा नावंच देत नाहीये. त्याला 'तो' म्हणते, बायकोला बायको, मॅनेजरला मॅनेजर. मी करिअर काउन्सेलर, बाहेरून त्या कंपनीसाठी काम करायचे. कंपनीने पाठवलेल्या लोकांशी बोलायचं आणि त्या बोलण्यातलं खासगी काहीही कंपनीला कळवायचं नाही, असा करार होता. हे सगळं त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या परवानगीने लिहितेय, दोघांनी वाचलंय, बायकोने दोन ठिकाणी दुरुस्तीही सुचवली आणि ती मी केली.

लिहायचं कारण असं की ऑफिसात एखादा चांगला माणूस मागे मागे राहायला लागला की सगळे त्याचं स्किल बघतात, स्वभाव बघतात, फार तर वय बघतात. घरी तो कोणाशी काय बोलतो आणि त्याला काय उत्तर मिळतं, याचा विचार होत नाही, किंवा होतो तो फक्त कुजबुजण्यापुरता. आणि माणूस पुरुष असेल तर तेवढाही नाही.

पार्श्वभूमी

तो चाळिशीच्या आतबाहेर, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला, अनुभव भरपूर. टीममध्ये कोणी अडलं की आधी त्याच्याकडे जातात, मॅनेजरकडे नंतर. बायको दुसऱ्या कंपनीत अकाउंट्समध्ये. मुलगी शाळेत. घराचं कर्ज चालू.

या कंपनीत यायच्या आधी त्याने एक धाडस केलं होतं. चांगली चाललेली नोकरी सोडून एका नवीन, छोट्या कंपनीत मोठ्या पदावर गेला. बायको तेव्हा म्हणाली होती की जरा थांबूया, पण तो उत्साहात होता आणि तिने फार ताणलं नाही. ती कंपनी वर्षभरात बंद पडली. मग पाच महिने पगार नाही. हप्ते बायकोच्या पगारातून गेले, मुलीची फी तिच्या सेव्हिंगमधून गेली, आणि या सगळ्यात ती एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हणाली नाही. हे तो मला पुन्हापुन्हा सांगायचा, आणि प्रत्येक वेळी सांगताना खाली बघायचा.

त्या काळात ती रोज त्याला नोकरीच्या जाहिरातींच्या लिंका पाठवायची. त्याचा सीव्ही रात्री बसून तिने नीट करून दिला. इंटरव्ह्यूला जाताना काय बोलायचं, काय नाही, हेही सांगायची. मदत मनापासून होती, पण त्याच्या मनात ती वेगळीच पोचत होती, की हिला वाटतंय माझ्याच्याने हे होणार नाही. माणसाच्या मनाची ही खोड संशोधनातही दिसलीये. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा आणि त्यांच्या जोडीदारांचा रोजच्या रोज अभ्यास केला होता, त्यात निघालं की जोडीदाराची जी मदत घेणाऱ्याला मदत म्हणून दिसते तिच्यामुळे मन बऱ्याचदा अजून अस्वस्थ होतं, आणि जी मदत नकळत होऊन जाते ती जास्त लागू पडते.

मग ही नोकरी मिळाली, आधीपेक्षा एक पायरी खालच्या पदावर. घर परत सुरळीत झालं. त्या पाच महिन्यांबद्दल दोघं परत कधी बोलले नाहीत. ना तो, ना ती.

अडचण

कंपनीच्या बाजूने अडचण सरळ होती. टीम लीडची जागा रिकामी झाली, मॅनेजरने त्याला विचारलं, तो नाही म्हणाला. काही महिन्यांनी नवीन प्रॉडक्टची टीम उभी राहत होती, परत त्यालाच विचारलं, परत नाही. पहिल्यांदा कारण दिलं मुलगी लहान आहे, दुसऱ्यांदा म्हणाला मला टेक्निकल कामातच राहायचंय. दोन्ही कारणं ऐकायला बरोबर वाटतात म्हणून कोणी खोदून विचारलं नाही.

अप्रेझलमध्ये शेरा आला, काम उत्तम, आत्मविश्वास कमी, पुढाकार नाही. मग ठरलेला उपाय, प्रेझेंटेशन आणि लीडरशिपचं ट्रेनिंग. तिथे तो चांगला बोलला, ट्रेनरने कौतुक केलं, सर्टिफिकेट मिळालं. परत आला आणि पहिल्याच क्लायंट कॉलवर मॅनेजरला बाजूने मेसेज, हे मी बोलू का, की तुम्ही बोलता? ज्या विषयात त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं त्या विषयावर.

मॅनेजर वैतागला होता पण माणूस चांगला होता, सोडून द्यायला तयार नव्हता. त्याने माझ्याकडे पाठवलं. पाठवताना म्हणाला, 'ह्याला स्वतःवर विश्वासच नाहीये, तेवढा बघा.'

आत्मविश्वास कमी म्हणजे नेमका कशात कमी

मला 'आत्मविश्वास कमी' हा शेरा अजिबात पटत नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये जी कल्पना मांडली ती याच कारणासाठी कामाची आहे, की माणसाचा स्वतःवरचा भरवसा हा एक सरसकट गुण नसतो, तो कामाकामाप्रमाणे वेगळा असतो. एकाच माणसाला एका कामात पूर्ण भरवसा आणि दुसऱ्यात शून्य असू शकतो. म्हणून मी त्याला कामांची यादी दिली आणि म्हटलं, प्रत्येकापुढे शून्य ते दहामध्ये आकडा लिहा, हे मला जमेल असं किती वाटतं.

टेस्टिंगचा पूर्ण प्लॅन करणं, ९. ज्युनिअरला शिकवणं, ९. क्लायंटला वाईट बातमी सांगणं, ७. इथपर्यंत मला वाटलं हा माणूस चुकून माझ्याकडे आलाय. पुढची पानं मात्र वेगळी होती. स्वतःहून एखादी जागा मागणं, २. पुढच्या तीन वर्षांचं काहीतरी ठरवणं, ३. घेतलेला निर्णय चुकला तर त्यातून बाहेर पडणं, १.

म्हणजे कामाबद्दलचा भरवसा शाबूत होता, गेला होता तो स्वतःच्या करिअरबद्दल निर्णय घ्यायचा भरवसा. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅरन टेलर आणि नॅन्सी बेट्झ यांनी १९८३ मध्ये करिअरचे निर्णय घेण्याचा आत्मविश्वास मोजायची पद्धत तयार केली, त्यात पाच भाग आहेत, स्वतःला नीट ओळखणं, कामांबद्दल माहिती काढणं, ध्येय ठरवणं, आखणी करणं आणि अडचण आली तर मार्ग काढणं. त्याचे पहिले दोन व्यवस्थित होते, शेवटचे तीन कोसळले होते. प्रेझेंटेशनच्या ट्रेनिंगचा उपयोग का झाला नाही ते इथे कळलं, जे शाबूत होतं त्यालाच ट्रेनिंग दिलं होतं.

घराचा विषय कसा निघाला

इथे पहिला अवघड निर्णय माझा होता. घराबद्दल विचारायचं का? ऑफिसने पाठवलेल्या माणसाला लग्नाबद्दल विचारणं म्हणजे हद्द ओलांडणं असू शकतं, आणि तो कितीही हो म्हणाला तरी त्याला मनात भीती राहणार की हे एचआरपर्यंत जाईल. न विचारावं तर त्या १ च्या आकड्याचं मूळ सापडणार नाही. मी लग्नाचं नावच काढलं नाही. एवढंच विचारलं, मागच्या काही महिन्यांत कामात काही चांगलं झालं का, आणि ते सगळ्यात आधी कोणाला सांगितलं?

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, एक मोठा बग त्याने रिलीजच्या आदल्या दिवशी पकडला होता, क्लायंटने नाव घेऊन मेल केली होती. 'सांगितलं नाही कोणाला. घरी सांगून काय, ती म्हणते छान आहे, आणि मग विचारते गॅसचं बिल भरलं का.'

मी विचारलं, आधीपासूनच असं होतं का? नाही म्हणाला. आधी ती सगळं विचारायची, कोण काय म्हणालं, साहेबांचा चेहरा कसा झाला, सगळं. कधी बंद झालं ते त्याला नीट सांगता येईना, पण हिशोब लावला तर ते त्या पाच महिन्यांनंतर होतं.

शेली गेबल आणि सहकाऱ्यांचं २००४ चं काम नेमकं यावर आहे. आपण चांगली बातमी सांगतो तेव्हा जोडीदार चार प्रकारे उत्तर देऊ शकतो, उत्साहाने खोलात जाऊन, नुसतं बरं म्हणून, त्यातली खोट काढून, किंवा विषयच बदलून. यातलं पहिलं उत्तर देणाऱ्या जोड्यांत नात्यातलं समाधान जास्त दिसलं, बाकीच्या तिन्हींत ते कमी होतं. लोकांना वाटतं खोट काढणाराच वाईट, पण नुसतं 'छान' सुद्धा पुरत नाही. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली. यांच्या घरात भांडण नव्हतं, अपमान नव्हता, कोणी बाहेरचं माणूस नव्हतं. कोणी विचारलं असतं तर दोघांनीही लग्न चांगलं आहे असंच सांगितलं असतं. फक्त बोलणं सगळं कामकाजाचं उरलं होतं, बिल, शाळा, हप्ता, डॉक्टर.

बांडुरा यांच्या मते हा भरवसा चार ठिकाणांहून येतो. स्वतः काही करून दाखवलेलं असणं, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना बघणं, आपल्या माणसाने 'तुला जमेल' म्हणणं, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. याच्या बाबतीत बघा. करून दाखवलेलं होतं, पण शेवटचं मोठं धाडस फसलेलं. 'तुला जमेल' म्हणणारं माणूस गप्प झालेलं. आणि झोप अशी की निर्णयाचा विषय निघाला की रात्र जायची. आता यात लग्नामुळे करिअर अडलं की करिअरमुळे लग्न थंड झालं? दोन्ही, आणि एकातून दुसरं. नोकरी गेल्याने नात्यात भीती आली, त्या भीतीने बोलणं आटलं, बोलणं आटल्याने त्याला वाटायला लागलं की आपला अंदाज कधीच बरोबर नसतो, आणि तो ऑफिसात नाही म्हणत राहिला. कामाचा ताण घरात आणि घरचा ताण कामात कसा शिरतो यावर जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल यांनी १९८५ मध्ये लिहिलं, तेव्हा त्यांनी वेळेची ओढाताण आणि मनावरचा ताण हे वेगळे धरले होते. याच्याकडे वेळ होता, घरी तो वेळेवर जायचा. म्हणून वर्क लाइफ बॅलन्सचं कुठलंही धोरण याला लागू पडणार नव्हतं.

कोणते पर्याय होते

मॅनेजरच्या मनात तीन होते. अजून एक ट्रेनिंग. किंवा विचारायचंच नाही, सरळ लीड म्हणून ऑर्डर काढायची, पडला पाण्यात की पोहेल. किंवा नाद सोडायचा, हा स्थिर काम करणारा माणूस आहे असं लिहून ठेवायचं.

पहिल्याचा निकाल लागलेला होता. दुसरा वरून धाडसी वाटतो, आणि काही लोकांच्या बाबतीत चालतोही, पण ज्याचा 'चुकलं तर बाहेर पडणं' हा आकडा १ आहे त्याला असं ढकललं तर तो पहिल्याच अडचणीला स्वतःलाच सांगणार की बघ, सांगितलं होतं. तिसरा सगळ्यात सोपा होता आणि मला तोच सगळ्यात अन्यायाचा वाटत होता, कारण पाच-सात वर्षांनी सगळे म्हणणार की ह्याला महत्त्वाकांक्षाच नव्हती.

माझ्याकडे दोन होते. एक म्हणजे त्याला जोडप्यांच्या काउन्सेलरकडे पाठवणं आणि ऑफिसचा विषय तेवढ्यापुरता बाजूला ठेवणं. दुसरा म्हणजे दोन्ही बाजू वेगवेगळ्या पण एकाच वेळी हलवणं, ऑफिसात धोका कमी करायचा आणि घरी काय बोलायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. मी दुसरा सुचवला, कारण नातं सुधारेपर्यंत करिअर थांबवायचं म्हटलं तर किती थांबणार, आणि ती जागा काही थांबणार नव्हती.

एक गोष्ट आधीच तपासली आणि ती तपासल्याशिवाय कोणीही पुढे जाऊ नये. घरात दहशत आहे का, पैसे, फोन, येणंजाणं यावर कोणाचा ताबा आहे का. तसं असेल तर 'घरी जाऊन मोकळेपणाने बोला' हा सल्ला धोक्याचा ठरतो, तिथे आधी त्या माणसाची सुरक्षितता. इथे तसं काही नव्हतं.

काय केलं

ऑफिसच्या बाजूने मी मॅनेजरला एवढंच सांगितलं की याला जागेची भीती नाही, परतीचा रस्ता नसण्याची भीती आहे. घराबद्दल एक शब्द नाही. मॅनेजरने वर बोलून लेखी घेतलं, सहा महिने हंगामी लीड, जमलं नाही किंवा नको वाटलं तर आत्ताच्या पदावर आणि पगारावर परत, आणि त्याची नोंद अप्रेझलमध्ये वाईट म्हणून जाणार नाही. शिवाय पहिल्या दोन महिन्यांत तीनच माणसांची टीम द्यायची, पूर्ण नाही. हे मॅनेजरने स्वतः सुचवलं आणि ते फार बरोबर होतं, कारण करून दाखवलेल्या छोट्या गोष्टी रचत गेल्याशिवाय हा भरवसा परत येत नाही, नुसत्या बोलण्याने येत नाही.

घरच्या बाजूने तो म्हणाला मी बोलतो तिच्याशी. मी त्याला एवढंच म्हटलं की परवानगी मागायला जाऊ नका आणि निर्णय सांगायलाही जाऊ नका, आधी तिला काय भीती वाटते ते विचारा.

पहिलं बोलणं वाईट गेलं. त्याने नको ती वेळ निवडली, मुलीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री, आणि भीती विचारायच्या ऐवजी ते कंपनीचं पत्रच तिच्यासमोर धरलं. ती म्हणाली, 'तू ठरवलंयसच ना, मग मला कशाला विचारतोयस? मागच्या वेळी पण असंच विचारलं होतंस.' तो गप्प झाला आणि दुसऱ्या दिवशी मला मेसेज, मी नाही सांगून टाकतो, विषय संपवतो.

हा या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण होता. उत्तर द्यायची मुदत दोन दिवसांवर होती. मी त्याला हो म्हणा असं सांगितलं नाही, ते माझं काम नाही. मी म्हटलं, नाही म्हणायचं तर जरूर म्हणा, पण ते आज रात्रीच्या भांडणातून आलंय की तुमच्या विचारातून, एवढं बघा, आणि मॅनेजरकडे अजून वेळ मागता येतो का ते विचारा. वेळ मागणं ही त्याच्यासाठी नवीन गोष्ट होती. यादीतलं 'स्वतःहून काही मागणं' त्याने २ वर ठेवलं होतं ना, ते पहिल्यांदा इथे घडलं. मॅनेजरने कारण न विचारता दोन आठवडे दिले.

त्या दोन आठवड्यांत दुसरं बोलणं झालं आणि ते तिने सुरू केलं. तिच्या शब्दांत, कारण तिनेच हे लिहायला सांगितलं, 'मला त्याच्यावर विश्वास नव्हता असं नाही. मला ते पाच महिने परत नको होते. आणि मी तेव्हा किती घाबरले होते ते मी कोणालाच सांगितलं नाही, त्यालाही नाही, कारण त्याला अजून वाईट वाटलं असतं.' त्याला हे माहीतच नव्हतं. तो समजत होता की ती गप्प आहे म्हणजे तिने मनातून त्याला नापास केलंय. ती समजत होती की आपण गप्प राहून त्याला सांभाळून घेतोय.

मग दोघांनी कागदावर मांडलं, यावेळी धोका काय आहे. पगार कमी होणार नाही, नोकरी जाणार नाही, परतीचा रस्ता लेखी आहे. ती अकाउंट्सची, तिने ते पत्र ओळ न ओळ वाचलं आणि एक प्रश्न काढला जो कोणालाच सुचला नव्हता, परत यायचं झालं तर त्यावेळी जुनी जागा भरलेली नसेल कशावरून? त्याने तो मॅनेजरला विचारला आणि पत्रात एक ओळ वाढली. मला हा भाग फार आवडतो, कारण इथे तिची मदत त्याला कमीपणा आणणारी झाली नाही, ती दोघांच्या कामाची झाली.

पुढे ते दोघं काही वेळा जोडप्यांच्या काउन्सेलरकडेही गेले, स्वतःच्या खर्चाने, कंपनीशी संबंध न ठेवता. तिथे काय झालं ते मला माहीत नाही आणि माहीत असायचं कारणही नाही. एकच नियम त्याने मला सांगितला, कामाचा विषय काढताना आधीच सांगायचं, सल्ला हवाय की फक्त ऐकायचंय.

त्याने हो म्हटलं.

काय झालं

पहिले दोन महिने बरे गेले, तिसऱ्यात एक रिलीज पुढे ढकलावी लागली आणि त्याची झोप परत गेली. त्या आठवड्यात त्याने परतीचा रस्ता वापरायचा गंभीरपणे विचार केला होता. वापरला नाही. पण तो आहे हे माहीत असल्यामुळेच थांबू शकलो, असं तो म्हणाला. सहा महिन्यांनी पद कायम झालं.

ती यादी परत भरून घेतली. जागा मागणं २ वरून ६. तीन वर्षांचं ठरवणं ३ वरून ५. निर्णय चुकला तर बाहेर पडणं १ वरून ५. टेस्टिंगचा प्लॅन ९ चा ८ झाला, म्हणाला आता दुसऱ्यांकडून करून घ्यायचं असतं ते अवघड जातं. हे आकडे एका माणसाचे आहेत, त्यातून नियम निघत नाही, आणि पद मिळाल्यामुळे आकडे वाढले की घरच्या बोलण्यामुळे, ते वेगळं काढता येणार नाही. पण ब्रूक फीनी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १६३ विवाहित जोड्यांवर केलेल्या प्रयोगाशी हे जुळतं. त्यात एका जोडीदाराला निवड दिली होती, सोपी कोडी सोडव किंवा भाषण दे आणि बक्षीस जिंकायची संधी घे. ज्यांच्या जोडीदाराने उत्साह आणि विश्वास दाखवला ते अवघड पर्याय जास्त निवडत होते, आणि अवघड पर्याय घेणाऱ्यांनी सहा महिन्यांनंतर स्वतःची वाढ आणि नातं दोन्ही बरं असल्याचं सांगितलं.

घरी काय बदललं असं विचारलं तर तो म्हणाला भांडणं वाढली. आधी वाटलं काहीतरी बिघडलं, पण तो ते चांगल्या अर्थाने सांगत होता, आधी जे गिळलं जायचं ते आता बोललं जातं. बायकोचं मत थोडं वेगळं आहे. ती म्हणते बोलणं वाढलं हे खरं, पण तो घरी उशिरा येतो, मुलीचा अभ्यास आता तिच्या एकटीवर पडलाय, आणि त्याचा हिशोब अजून झालेला नाही. तिने ही ओळ मुद्दाम घालायला लावली. योग्यच आहे.

नंतर वर्षभराने त्याला परदेशातली एक वर्षाची पोस्टिंग विचारली होती, ती त्याने नाकारली. मॅनेजर मला म्हणाला, परत तेच. मला तसं वाटत नाही. यावेळी त्याने मॅनेजरला कारण सांगितलं, बायकोचं प्रमोशन त्याच वर्षी व्हायचंय आणि मुलीची शाळा बदलायची नाहीये, दोन वर्षांनी परत विचारा. आधीचे नकार अंग काढून घेणारे होते, हा ठरवून दिलेला होता. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून तर अप्रेझलच्या रकान्यात चुकतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या नकारालाच मॅनेजरने एक प्रश्न विचारायला हवा होता, की कशाने हो म्हणणं सोपं होईल? कारण विचारलं की लोक कारण देतात, आणि ऑफिसात चालेल असंच कारण देतात. हा प्रश्न विचारला असता तर कदाचित परतीच्या रस्त्याची गोष्ट दीड वर्ष आधी निघाली असती.

ट्रेनिंगवर पाठवण्याआधी ती कामांची यादी भरून घेता आली असती. त्याला अर्धा तास लागतो.

घरच्या बोलण्यासाठी त्याला वेळ निवडायची तयारी करून द्यायला हवी होती असं त्याचं मत आहे. बायकोचं म्हणणं आहे की तयारी केली असती तर ते पाठ केल्यासारखं वाटलं असतं आणि ती अजून चिडली असती. मी यात बायकोच्या बाजूने आहे, पण मुदत मात्र सुरुवातीलाच लांब असायला हवी होती. ज्या निर्णयात दोन माणसांचं आयुष्य हलतं त्याला आठवडाभराची मुदत देणं म्हणजे घाबरलेल्या माणसाकडून नाही वदवून घेणं.

काही कंपन्या अशा वेळी जोडीदारालाच मीटिंगला बोलवा, कौटुंबिक कार्यक्रम ठेवा असं सुचवतात. या प्रकरणात ते केलं असतं तर मला वाटतं सगळं बिघडलं असतं. तिची भीती त्याच्या साहेबासमोर बोलायची नव्हती. कंपनीच्या हातात जे होतं ते म्हणजे धोका कमी करणं, वेळ देणं आणि बाहेरच्या गोपनीय मदतीचा नंबर सगळ्यांना माहीत असणं, फक्त ज्यांच्यावर शेरा आलाय त्यांना नाही. आणि जो माणूस एकटा राहतो किंवा ज्याचं लग्न मोडलंय त्याच्याही बाबतीत तोच प्रश्न लागू आहे, चांगली बातमी आधी कोणाला सांगता. उत्तर मित्र असेल, बहीण असेल, जुने साहेब असतील. कोणीच नसेल तर तिथे मेंटॉर द्यायला जागा आहे.

परतीच्या रस्त्याचं लेखी पत्र आता त्या कंपनीत सगळ्या नवीन लीडना मिळतं, त्या अकाउंट्सच्या प्रश्नातून आलेल्या ओळीसकट. बदलीच्या पोस्टिंगला ते अजून लागू केलेलं नाही, एचआर म्हणतं तिथे जागा राखून ठेवणं परवडत नाही. यावर बोलणं चालू आहे.